माग, कार्ड आणि मेनूतील एक ओळ

१/ भिवंडी म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. त्यातील डॉबी बसवलेल्या मागाचे संगणकाच्या मेनूशी जवळचे नाते आहे. मेनूतील नावावर क्लिक केले की प्रोग्राम सुरू होतो, कारण त्यामागे ठरावीक साच्यात लिहिलेली आज्ञा असते. यंत्राला अशी आज्ञा देण्याची एक जुनी रीत मागावरच घडली. (थ्रेड)

२/ डॉबीच्या साखळीत लाकडी पट्ट्या असतात. पट्टीच्या भोकात खुंटी असेल, तर ताण्याच्या धाग्यांची ती चौकट वर उचलली जाते. नसेल तर खालीच राहते. मधून धोटा जातो. खुंटी एक भोक सरकली तरी माग थांबत नाही. चुकीची नक्षी विणत राहतो. मजुरी मीटरवर मिळवणाऱ्या कारागिराला ती चूक स्वतःच्या नजरेने पकडावी लागते.

३/ डॉबीच्या आधी, १८०४ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जकार याने छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला. चौकटींच्या कागदावरील नक्षी माणसाने वाचायची, कार्ड यंत्राने. ताण्याचे धागे ओढून देणाऱ्या मदतनिसाचे काम कार्डाकडे गेले.

४/ १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डे निवडली. एका प्रकारचे कार्ड कोणती क्रिया करायची ते सांगणार, दुसरे कोणत्या संख्यांवर. यंत्र पूर्णत्वास गेले नाही. आज्ञेची ही विभागणी मात्र पुढेही दिसते.

५/ १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथची कार्डे वापरली गेली. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्यालाही काम कार्डांवरूनच दिले जाई.

६/ त्याच वर्षी जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० मध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या कार्डाचा साचा काटेकोर होता. पहिल्या दोन स्तंभांत तिरप्या रेघा, मग नाव, मग क्रिया, मग तपशील. तपशिलात चुकून मोकळी जागा पडली, तर पुढचा मजकूर केवळ टिपण समजला जाई.

७/ लिनक्सच्या मेनूतील नोंद ही साधी मजकूर-फाइल असते. एका ओळीत दिसणारे नाव, दुसरीत आज्ञा: आधी प्रोग्राम, मग तो उघडणार ती फाइल. फाइलच्या मार्गात मोकळी जागा असेल, तर तो अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. नाहीतर एका फाइलच्या दोन होतात.

८/ याच नोंदीत नावाची ओळ मराठीतही देता येते. आज्ञेची ओळ तशीच राहते. चौकटींचा कागद माणसासाठी आणि कार्ड यंत्रासाठी, ही लियाँची वाटणी येथेही आहे. फरक इतकाच, की आता दोन्ही ओळी एकाच फाइलमध्ये आहेत आणि साचा समजलेला कोणीही त्या स्वतः लिहू शकतो.