डहाणूच्या जमिनीखालचा इतिहास: झिरकॉन का चमकतो?

आजच्या भागाचं हे लिखित रूप.

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले आणि धुंदलवाडी, हळदपाडा ही नावं बातम्यांत आली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपायला लागले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: खाली आहे तरी काय?

वर दिसतो तो काळा बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. धक्के मात्र त्याच्याही खालून, कित्येक किलोमीटर खोलवरून येतात. तिथला जुना खडक कसा असतो, हे महाराष्ट्रात आपल्याला कोयनेने दाखवलं.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना हा अभ्यासाचा विषयच झाला. पुढे तिथे खोल विवरं खणली गेली. २०१७ मध्ये साताऱ्यातल्या गोठणे गावाजवळचं विवर ३ किलोमीटरपर्यंत पोचलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइट आणि नाइस लागला. कोयना भागातल्या या तळखडकातले झिरकॉन तपासल्यावर त्यांचं वय आलं सुमारे २७० कोटी वर्षं!

झिरकॉन म्हणजे वाळूच्या कणाएवढा चिवट स्फटिक. निर्वात पेटीत त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला की तो उजळतो. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ च्या सुमारास हिरे-माणकांवर असाच प्रयोग केला होता.

झिरकॉनच्या चमकेमागे मुख्यतः डिस्प्रोसियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं असतात. उलट युरेनियम जास्त असेल तिथे त्याचा किरणोत्सर्ग स्फटिकाची जाळी मोडतो आणि तो भाग अंधारा दिसतो.

मॅग्म्यात वाढलेल्या झिरकॉनमध्ये कांद्यासारख्या बारीक रेघा दिसतात. पुढे तोच खडक खोल दाबला गेला, तापला, की गोष्ट बदलते. उष्णतेने मोडलेली जाळी सावरते. स्फटिक नव्याने जुळताना युरेनियम बाहेर पडतं, रेघा पुसट होतात आणि कडेला उजळ पट्टा येतो. ८०० अंशांच्या आसपास वाढलेल्या कणांत कधी फुटबॉलच्या ठिगळांसारखे भाग दिसतात.

दाबाचं काम आडवळणाने चालतं. दाब वाढला की शेजारी गार्नेट वाढतं आणि जड दुर्मीळ मूलद्रव्यं स्वतःकडे ओढतं. त्याच वेळी वाढलेल्या झिरकॉनच्या वाट्याला ती कमी येतात. म्हणून नुसत्या चमकेवरून तापमान वाचता येत नाही. काही वेळा नवी कड युरेनियममुळे काळीच निघते.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला ही थेट कमिट हिस्टरी वाटते. गाभा म्हणजे पहिला कमिट, कडा म्हणजे नंतरचे बदल. आधी फोटो काढायचा, मग गाभ्याचं आणि कडेचं वय वेगवेगळं मोजायचं. फोटोशिवाय मोजलं तर दोन घटनांची सरासरी येते, आणि ती तारीख इतिहासात कधी घडलेलीच नसते.

यातून उद्याचा धक्का कळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण तळखडक कोणता, किती वेळा तापला, दाबला गेला, हे कळतं. त्यावरून जुनी, कमकुवत जागा कुठे असू शकते, याचा विचार सुरू होतो. तंबूत रात्र काढणाऱ्या माणसाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तरी त्या वाळूच्या कणात आहे.

भेटू पुढच्या भागात.