लिम्फोमाचे सूक्ष्मदर्शकीय निदान

लिम्फोमाचे सूक्ष्मदर्शकीय निदान म्हणजे लसीका ग्रंथी, अस्थिमज्जा किंवा रक्त यांचा नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि त्यावरून लसीका पेशींचा कर्करोग आहे किंवा नाही, व असल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवणे होय. ही तपासणी विकृतिशास्त्रज्ञ करतात. लिम्फोमा हा एकच आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे. त्यांतील काही वर्षानुवर्षे संथपणे वाढतात व त्यांना तातडीने औषध द्यावे लागतेच असे नाही. काही मात्र थोड्याच दिवसांत दुपटीने वाढतात आणि तरीही योग्य उपचारांनी पूर्ण बरे होऊ शकतात. हाताला लागणाऱ्या गाठीवरून हा भेद खात्रीने कळत नाही. त्यामुळे उपचारांची दिशा मुख्यतः काचपट्टीवर दिसणाऱ्या चित्रावरून ठरते. भारतात या निदानाला आणखी एक महत्त्व आहे. मानेतील गाठींचे येथील एक प्रमुख कारण क्षयरोग असल्याने लिम्फोमाची गाठ क्षयाची समजली जाण्याचा धोका असतो.

लसीका ग्रंथीची रचना

मान, काख, जांघ, छाती व पोट येथे लसीका ग्रंथी असतात. निरोगी ग्रंथीचा पातळ छेद घेतला असता तिच्यात ठरावीक मांडणी दिसते. बाहेरच्या भागात गोलाकार पुटके असतात. त्यांत प्रामुख्याने बी-पेशी असतात. पुटकांच्या दरम्यानच्या भागात टी-पेशी असतात, तर गाभ्याकडे लसीका वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. संसर्ग झाल्यास पुटकांच्या मध्यभागी असलेली जननकेंद्रे मोठी होतात व ग्रंथी सुजते, परंतु मूळ मांडणी सहसा टिकून राहते. लिम्फोमामध्ये ही मांडणी अंशतः किंवा पूर्णतः मोडते आणि तिच्या जागी एकाच वंशाच्या पेशींची गर्दी होते. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ प्रथम कमी वर्धनाखाली ग्रंथीची मांडणी पाहतात व त्यानंतर अधिक वर्धनाखाली एकेक पेशी पाहतात.

इतिहास

लंडनच्या गाइज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी केलेले होते. पुढे १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी या आजाराला हॉजकिन यांचे नाव दिले. हॉजकिन यांनी वर्णिलेल्या रुग्णांपैकी काहींचे जतन केलेले अवयव १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले, तेव्हा ते सर्वच या एका आजाराचे नसल्याचे दिसून आले. डोळ्यांना सारखे दिसणारे आजार पेशींच्या पातळीवर भिन्न असतात, याचे हे जुने उदाहरण आहे.

या आजारातील वैशिष्ट्यपूर्ण महापेशीचे सविस्तर वर्णन व्हिएन्नातील कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि बाल्टिमोर येथील डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये केले. स्टर्नबर्ग यांना हा क्षयरोगाचाच एक वेगळा प्रकार वाटला होता. रीड यांनी मात्र तो क्षयरोगापासून वेगळा आजार असल्याचे प्रतिपादन केले व तेच पुढे योग्य ठरले. ती पेशी आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणून ओळखली जाते. ती बी-पेशींपासून उत्पन्न होते, हे १९९० च्या दशकात जनुकीय अभ्यासाने सिद्ध झाले.

डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या वेगाने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. अशा गाठींतील पेशींत १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एपस्टाइन-बार विषाणू आढळला. विसाव्या शतकात लिम्फोमाच्या वर्गीकरणाच्या अनेक पद्धती प्रचारात आल्या. केवळ पेशींच्या रूपावर न थांबता त्यांची पृष्ठचिन्हे, जनुकीय बदल व रुग्णाची लक्षणे यांचा एकत्रित विचार करणारे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८, २०१७ व २०२२ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आल्या.

नमुना घेणे व तयार करणे

लिम्फोमाच्या प्रथम निदानासाठी शक्य असल्यास संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढणे सर्वोत्तम मानले जाते. बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी सोपी, स्वस्त व जलद असते आणि क्षयरोग किंवा इतर अवयवांतून पसरलेला कर्करोग ओळखण्यास उपयुक्त ठरते. परंतु सुईतून सुट्या पेशी येतात. त्यांची मांडणी हरवते. पुटकांच्या स्वरूपात वाढणारा आणि सर्वत्र पसरून वाढणारा लिम्फोमा यांतील भेद त्यामुळे सुईच्या नमुन्यावर सांगता येत नाही. हॉजकिन लिम्फोमामध्ये रोगट पेशी थोड्या व विखुरलेल्या असल्याने त्या सुईत न येण्याचीही शक्यता असते.

काढलेली ग्रंथी कापून ताबडतोब १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवली जाते. फॉर्मलिनचे आकारमान ऊतीच्या सुमारे दहापट असावे लागते. न कापलेल्या मोठ्या ग्रंथीच्या आतपर्यंत फॉर्मलिन वेळेत पोहोचत नाही व मधला भाग कुजतो. कोरडा ठेवलेला नमुना सुकून निरुपयोगी होतो. त्यानंतर ऊती मेणात बसवून ठोकळा तयार करतात, त्याचे ३ ते ४ मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात आणि ते हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवतात. पहिल्याने पेशीकेंद्रके निळी-जांभळी, तर दुसऱ्याने पेशीद्रव गुलाबी दिसते. रक्त व अस्थिमज्जेच्या पातळ थरासाठी भारतात लीशमन रंग मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड औषधे दिली गेल्यास लिम्फोमाच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि गाठ तात्पुरती लहान होते. अशा गाठीच्या छेदात निदानास पुरेशा पेशी न सापडण्याची शक्यता असते.

क्षयरोग आणि लिम्फोमा यांतील भेद

मानेतील ग्रंथींच्या क्षयाला मराठीत पूर्वापार गंडमाळ म्हणतात. ताप, रात्री येणारा घाम, वजन घटणे व न दुखणाऱ्या गाठी ही लक्षणे क्षयरोग व लिम्फोमा या दोन्हींत आढळतात. केवळ लक्षणांवरून क्षयरोगाची औषधे सुरू झाल्यास लिम्फोमाचे निदान काही महिने लांबू शकते.

सूक्ष्मदर्शकाखाली क्षयग्रस्त ग्रंथीत उपकलासदृश पेशींचे पुंजके, म्हणजे कणगुल्म, दिसतात. त्यांच्या मध्यभागी पेशी मरून चक्क्यासारखा लगदा तयार झालेला असतो. जवळच लँगहान्स महापेशी असतात. त्यांची अनेक केंद्रके पेशीच्या कडेला घोड्याच्या नालाप्रमाणे रचलेली असतात. झील-नील्सन रंगाने क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात, परंतु ते प्रत्येक नमुन्यात सापडतीलच असे नाही. रीड-स्टर्नबर्ग महापेशीत याउलट दोन किंवा अधिक मोठी केंद्रके किंवा केंद्रकाचे पाळे असतात आणि प्रत्येकात एक ठळक, गुलाबी केंद्रिका असते. या जोडीमुळे ती पेशी घुबडाच्या डोळ्यांसारखी भासते.

हॉजकिन लिम्फोमाच्या ग्रंथीतही कधीकधी कणगुल्मे आढळतात. म्हणून केवळ कणगुल्म दिसणे हा क्षयरोगाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. जंतूंची तपासणी व जनुकीय चाचणी नकारार्थी असल्यास, किंवा योग्य औषधे घेऊनही गाठ वाढत राहिल्यास, निदानाचा फेरविचार करून संपूर्ण ग्रंथीची बायोप्सी करणे आवश्यक असते. दोन्ही आजार एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकतात.

प्रमुख प्रकार

लसीका पेशीच्या आकारमानाचा अंदाज करताना शेजारची लाल रक्तपेशी मोजपट्टीसारखी उपयोगी पडते. तिचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो आणि सामान्य लहान लसीका पेशीचे केंद्रक साधारण तेवढेच असते.

• हॉजकिन लिम्फोमा: रीड-स्टर्नबर्ग पेशी व त्यांच्या सभोवती निरोगी लसीका पेशी, इओसिनोफिल व प्लाझ्मा पेशींचा मेळा. रोगट पेशी संख्येने अल्प असतात. त्या बहुधा सीडी ३० व सीडी १५ ही चिन्हे दर्शवतात.

• विसरित मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा: प्रौढांत सर्वाधिक आढळणारा प्रकार. सामान्य लसीका पेशीच्या दुपटीहून मोठ्या केंद्रकांच्या पेशी ग्रंथीभर पसरलेल्या दिसतात. तो वेगाने वाढतो, परंतु अनेक रुग्णांत पूर्ण बरा होतो.

• पुटकीय लिम्फोमा: ग्रंथीभर एकसारखी, दाटीने रचलेली पुटके. निरोगी जननकेंद्रात नसलेले बीसीएल २ प्रथिन येथे बहुधा आढळते. १४ व १८ या गुणसूत्रांतील अदलाबदल हे त्याचे कारण असते.

• मँटल पेशी लिम्फोमा: लहान ते मध्यम आकाराच्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशी. सायक्लिन डी १ हे प्रथिन निदानास निर्णायक ठरते.

• बर्किट लिम्फोमा: मध्यम आकाराच्या एकसारख्या पेशींचा गडद थर व त्यात मृत पेशी गिळणाऱ्या फिकट भक्षकपेशी. हे दृश्य तारांकित आकाशासारखे दिसते. विभाजनाच्या अवस्थेतील पेशी दाखवणारे केआय ६७ चिन्ह जवळजवळ १०० टक्के पेशींत आढळते.

• टी-पेशींचे लिम्फोमा: तुलनेने कमी आढळतात व रूपात अतिशय विविध असतात. त्यांपैकी एका प्रकारात मूत्रपिंडाच्या आकाराची केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात.

रक्त व अस्थिमज्जेतील संबंधित कर्करोग

रक्तपेशींचा कर्करोग काही वेळा ग्रंथीऐवजी रक्तात किंवा अस्थिमज्जेत प्रथम दिसतो. दीर्घकालीन लसीका ल्युकेमियामध्ये रक्ताच्या थरावर परिपक्व दिसणाऱ्या लहान लसीका पेशींची गर्दी असते व त्यांतील काही नाजूक पेशी थर पसरवताना चिरडून डागांसारख्या दिसतात. तीव्र ल्युकेमियामध्ये अपरिपक्व मूलपेशी आढळतात. अशा पेशीत ऑअर दंड नावाची बारीक लाल काडी दिसल्यास तो मज्जाजन्य प्रकार असल्याचे कळते. मल्टिपल मायलोमामध्ये अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी वाढतात. त्यांचे केंद्रक एका बाजूला सरकलेले असते आणि रक्ताच्या थरावर लाल पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात.

चिन्हकांची तपासणी

रूपावरून बांधलेला अंदाज प्रतिपिंडांच्या साहाय्याने पडताळला जातो. सीडी २० बी-पेशींचे, तर सीडी ३ टी-पेशींचे प्रमुख चिन्ह आहे. निरोगी बी-पेशींपैकी काही कॅपा व काही लॅम्डा या प्रकारची प्रथिन-साखळी धारण करतात. सर्व पेशींत एकच साखळी आढळल्यास त्या एकाच पेशीपासून निपजल्या आहेत, असे अनुमान निघते. हे कर्करोगाचे महत्त्वाचे गमक आहे. फ्लो सायटोमेट्री या पद्धतीसाठी फॉर्मलिनमध्ये न ठेवलेल्या ताज्या पेशी लागतात. गुणसूत्रांतील अदलाबदल शोधण्याची फिश तपासणी मात्र मेणाच्या ठोकळ्यावरही करता येते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचा पाया वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी घातला. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आले. ग्रामीण भागातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. अशा नोंदणीत किती रुग्णांचे निदान सूक्ष्मदर्शकाने पडताळले गेले, हा माहितीच्या विश्वासार्हतेचा एक निकष मानला जातो.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार १९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. बी-पेशींवरील सीडी १९ या चिन्हाला तो लक्ष्य करतो. त्यामुळे गाठ बी-पेशींची आहे, हे प्रयोगशाळेत निश्चित झाल्याखेरीज या उपचाराचा विचारच करता येत नाही.

अंतर ही ग्रामीण भागातील मोठी अडचण आहे. हिंगोली व वाशीम या जिल्ह्यांच्या सीमेवरील कनेरगाव नाका येथून मुंबई रस्त्याने ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. मराठवाड्यात नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा जवळच्या मोठ्या रुग्णालयात होऊ शकते. चिन्हकांच्या तपासण्यांसाठी मात्र मोठ्या केंद्रांवर अवलंबून राहावे लागते. मेणाचा ठोकळा सामान्य तापमानात अनेक वर्षे टिकतो. त्यामुळे दुसरे मत हवे असल्यास रुग्णाने प्रत्येक वेळी प्रवास करण्याऐवजी ठोकळा व काचपट्ट्या दूरच्या केंद्राकडे पाठवता येतात. अहवालाबरोबर हे साहित्यही जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

मर्यादा

अपुरा, चिरडलेला किंवा फॉर्मलिनमध्ये नीट न टिकलेला नमुना अनुभवी विकृतिशास्त्रज्ञालाही निदान करू देत नाही. काही विषाणुसंसर्ग व काही औषधांची प्रतिक्रिया यांमुळे ग्रंथीत लिम्फोमासदृश चित्र निर्माण होऊ शकते. म्हणून रुग्णाचे वय, लक्षणांचा कालावधी, पूर्वी घेतलेली औषधे व गाठीची जागा ही माहिती नमुन्यासोबत पाठवणे आवश्यक मानले जाते. संशयास्पद अहवालाच्या वेळी पुन्हा नमुना घेणे हे निदानाच्या प्रक्रियेचाच भाग असते.