भायखळ्याच्या तुरुंगातले आकडे

"डॉक्टर, लस घेतली तरी आजारी पडलोच, मग फायदा काय?" केडगावात हा प्रश्न तुम्ही नेहमी विचारता. १८९७ साली मुंबईतही तोच प्रश्न होता.

प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी आपणहून लसीला पुढे आले, पावणेदोनशेच्या आसपास राहिले. दुसऱ्या दिवसापासून मोजले, तर लस न घेतलेल्यांत १२ आजारी, ६ मृत्यू; घेतलेल्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही.

हा योगायोग तर नव्हे? दोन गटांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी ताडायची, तर टी-टेस्ट चालते. इथे माणसे मोजायची आहेत, म्हणून काय-स्क्वेअर. पण ती कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली दिली! शिवाय सहाच मृत्यू असले की तीही डळमळते, तिथे फिशर यांची अचूक चाचणी हवी. ती लावली, तर सहाही मृत्यू लस न घेतलेल्यांतच योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात दोन-तीन निघते.

मात्र आपणहून पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट होते का, हे कोणतीच चाचणी सांगत नाही. त्यासाठी कोणाला लस द्यायची, हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते.