ऑपेरा हाऊसजवळची गाण्याची शाळा



गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत आपल्या शनिवारच्या गाण्याच्या वर्गाचा विषय निघाला. वर्गाला आता सातच मुले उरली आहेत, खोलीचे भाडे मात्र तेवढेच आहे. शिवाय एका सभासदांनी रोखठोक विचारले, "आपली मुलं काही गवई होणार नाहीत. मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे पुढच्या बैठकीत ठरेल. तोवर मुंबईतल्या एका गाण्याच्या शाळेची आणि ती चालवणाऱ्या माणसांची हकीकत सांगावी, असे आम्हाला वाटले. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, गाण्याचे नुसते शौकीन. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

या शाळेची मुळे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांपर्यंत जातात. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकू लागले. त्या काळी विद्या घराण्यात राहायची आणि गवयाचा पोशिंदा संस्थानिक असायचा. पलुस्करांनी हा आश्रय सोडला आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला 'गांधर्व महाविद्यालय' काढले. फी भरून कोणीही यावे आणि शिकावे, अशी ही शाळा. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि पलुस्कर एकटेच रियाज करीत बसत, असे सांगतात. आपल्याकडे निदान सात तरी आहेत!

१९०८ साली ते मुंबईला आले. ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे आहे, अशा मुलांना त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठेवून घेतले. त्यांचे खाणेपिणे, राहणे, शिकणे सगळे संस्थेत. संस्थेसाठी मोठी इमारत बांधली ती कर्ज काढून, आणि हे कर्ज काही फिटले नाही. इमारत लिलावात गेली. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर शाळा बुडाली म्हणायची. पण तिथे तयार झालेली माणसे कामाला लागली होती. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव आणि शंकरराव हे व्यास बंधू मुंबईत शिकवू लागले. ओंकारनाथ ठाकुरांनी पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे केले. स्वतः पलुस्कर १९३१ साली गेले.

याच शिष्यांपैकी एक प्रा. बी. आर. देवधर. जन्म १९०१ चा, मिरजेचा. १९२५ साली त्यांनी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' सुरू केले. लोक तिला देवधरांची शाळा म्हणत. देवधर गुरूंच्या पठडीतले खरे, पण अमुक घराण्याचेच गाणे ऐकावे, बाकीचे वर्ज्य, असा सोवळेपणा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याशी त्यांचा घनिष्ठ स्नेह होता. निरनिराळ्या घराण्यांचे गवई शाळेत येत, बसत, गात, आणि विद्यार्थ्यांना ते कोपऱ्यात बसून ऐकायला मिळे. या गवयांची शब्दचित्रे देवधरांनी पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात लिहिली. आमच्या माहितीतल्या अनेक घरांत ते पुस्तक भारतातून बॅगेत घालून आणलेले आहे.

देवधरांचा दुसरा ध्यास आवाजाचा. आवाज ही देवाची देणगी, असली तर असली, नाही तर नाही, असे आपण सहज म्हणून जातो. देवधरांनी मात्र आवाज कसा निर्माण होतो, कसा बिघडतो, कसा जोपासावा याचा शास्त्रीय अभ्यास केला. यातली मूळ गोष्ट सोपी आहे. फुप्फुसातली हवा वर येते, तिने गळ्यातले दोन स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा कंप पावतात, आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत तो नाद घुमतो. म्हणजे श्वास, कंप आणि घुमारा या तिन्हींवर मेहनत करता येते. नुसते मोठ्याने ओरडून ती होत नाही. त्याने उलट तंतूंना सूज येते. हा अभ्यास पुढे नेला त्यांचे शिष्य डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. गायकांइतकेच नाटकातल्या नटांनाही त्यांनी आवाजाचे शिक्षण दिले.

या शाळेचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावी गावचे शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४ चा. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब नक्कल करणारा मुलगा म्हणून ते लहान वयातच गाजले होते. अकरा-बारा वर्षांचे असताना ते देवधरांकडे आले. अशा मुलाचे जलसे लावून पैसा करणे सोपे होते. देवधरांनी त्याला शिकवले, चहूकडचे गाणे ऐकू दिले, आणि त्याची स्वतःची वाट त्याला शोधू दिली. कुमारांना अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम मिळाली. ऐन उमेदीत आवाज गेल्याचे दुःख अंजनीबाईंनी स्वतः भोगले होते. मोठ्या कष्टाने त्यांनी तो परत मिळवला होता.

वयाच्या विशीतच कुमार शाळेत शिकवू लागले. तिथल्याच विद्यार्थिनी भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचा विवाह झाला. आणि लगेच क्षयाचे निदान झाले. १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी दोघे माळव्यात देवासला गेले. गायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. भानुमतीबाईंनी नोकरी करून घर चालवले आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमार रस्त्यावरून जाणाऱ्यांची माळवी लोकगीते ऐकत राहिले. गळा बंद होता, कान उघडे होते.

पुढे त्यांना जे औषध मिळाले, ते स्ट्रेप्टोमायसिन. इथे आमच्यातला रसायनशास्त्रज्ञ थोडा जागा होतो. हे औषध १९४३ साली आपल्या न्यू जर्सीत, रटगर्सच्या प्रयोगशाळेत, सेलमन वॅक्समन यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले. त्या गावावरून आपण किती वेळा गाडी हाकत जातो! १९५३ साली कुमार पुन्हा मैफलीत बसले. श्वास पूर्वीसारखा पुरत नव्हता. उरलेल्या श्वासात बसेल असे गाणे त्यांनी घडवले, आणि माळव्यात ऐकलेल्या धुनांतून नवे राग बांधले. १९६१ साली भानुमतीबाई गेल्या. पुढच्या वर्षी कुमारांचा विवाह वसुंधराताईंशी झाला. त्याही देवधरांकडे शिकलेल्या. कुमार १९९२ साली गेले, देवधर त्याआधी दोन वर्षे.

आता आपल्या सात मुलांकडे वळू. सात नव्हे, खरे तर आठ. आठवा चौदा वर्षांचा आहे. वसंतात तो वर्गात गात असताना त्याचा आवाज फाटला, बाकीची हसली, आणि तेव्हापासून तो यायचा बंद झाला. या वयात मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि बस्तान बसायला महिनोन् महिने लागतात. हा काही दोष नाही. या दिवसांत गळ्यावर जोर द्यायचा नसतो, खालच्या पट्टीत थोडेसेच गायचे असते. पण कान उघडे ठेवायचे असतात, आणि त्यासाठी वर्गात बसायला जागा लागते. ती जागा त्या मुलाला आपण दिली नाही. त्या दिवशी वर्गाला आम्हीही हजर होतो आणि गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या वर्गातून कुमार गंधर्व निघणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. देवधरांच्या शाळेत वर्षानुवर्षे मुले येत राहिली, त्यांतलीही बहुतेक गवई झाली नसतील. तानसेन नाहीत, पण कानसेन तरी झाले असतील. गाण्याची शाळा गवई घडवते ही वरकड मिळकत झाली. गळा रुसला, पैसे संपले, तरी माणसाला गाण्याच्या सोबतीत राहू देणे हे तिचे रोजचे काम.

भाड्याचा प्रश्न उरतोच. आमचे तळघर शनिवारी सकाळी रिकामे असते, पेटी आणि तबला ठेवायला जागा आहे. बैठकीत तसा प्रस्ताव मांडणार आहोत. आणि त्याआधी त्या आठव्या मुलाच्या घरी फोन करणार आहोत. गायला नको म्हणाला, तर नुसते ऐकायला ये म्हणून सांगू.