तरंगती पवनचक्की आणि तिच्या पोटातील मासे

१/ समुद्रातील पहिला पवनऊर्जा प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कच्या व्हिंडेबी येथे उभा राहिला. त्याच्या ११ पवनचक्क्यांचे पाय उथळ पाण्यात, समुद्रतळावर रोवलेले होते.

२/ त्यापूर्वी, १९७० मध्ये, नॉर्वेतील हित्रा बेटाजवळ ग्रोन्टवेट बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमन मासे वाढवले. तेही किनाऱ्याच्या आडोशालाच.

३/ खोल समुद्राची वाट दोघांनाही खनिज तेल उद्योगाने दाखवली. नांगरलेले तरंगते तळ त्याने आधीच सिद्ध केले होते. २०१७ मध्ये स्कॉटलंडजवळ ‘हायविंड’च्या ५ तरंगत्या पवनचक्क्या फिरू लागल्या. त्याच वर्षी ‘ओशन फार्म १’ हा ११० मीटर व्यासाचा पोलादी मत्स्यपिंजरा नॉर्वेच्या समुद्रात दाखल झाला.

४/ २०२३ मध्ये या दोन्ही वाटा चीनच्या फुजियान प्रांतात, नानरी बेटाजवळ एकत्र आल्या. ‘ग्वोनेंग गोंगश्यांग’ या तरंगत्या तळावर ४ मेगावॉटची पवनचक्की आहे आणि त्याच्या तीन खांबांच्या मधोमध माशांचे जाळे.

५/ त्या जाळ्यासाठी निवडलेला पिवळा क्रोकर आपल्या घोळीच्याच कुळातला. अतिरेकी मासेमारीमुळे १९७० च्या दशकापासून चिनी समुद्रातील त्याचे थवे कोसळले. म्हणूनच या तळाचा इतिहास सांगताना अभियंत्यांच्या आधी कोळ्यांच्या रिकाम्या जाळ्यांची नोंद करावी लागते.