स्त्री-आरोग्य शिक्षण, गडचिरोली
डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावपातळीवर उभे केलेले काम. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. पूर्वी अशी तपासणी झाली होती ती जेमतेम ८ टक्क्यांची. अंगावरून पांढरे जाणे, पाळीतल्या कळा हे बाईच्या जातीला असायचेच, असे समजून बायका दुखणे अंगावर काढत. सरकारी कार्यक्रमांत तेव्हा स्त्री-आरोग्य म्हणजे मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. संस्थेने गावच्या सुइणींना प्रशिक्षण दिले. तिच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलींबरोबर मुलग्यांनाही शरीर, पाळी व गर्भधारणा समजावली जाते. मुलग्यांना सामील करणे विशेष मोलाचे.