दंड चोपदाराचा आणि दंड भावकीचा

दिंडीच्या शतक महोत्सवाचा अंक काढायचे ठरले, त्या बैठकीत एका तरुण टाळकऱ्याने विचारले, "आपल्या दिंडीला नियमांचे पुस्तक का नाही? कुणी नियम मोडला तर दंड काय?" तेव्हा एक जुने माळकरी गळ्याला हात लावून म्हणाले, "पुस्तक कशाला रं? हितं हाय की!" सगळे हसले, पण प्रश्न मनात राहिला. शंभर वर्षे एवढी माणसे एका चालीने चालली ती कशाच्या धाकाने? त्याचाच शोध आम्ही इथे घेत आहोत.

पहिला धाक तुळशीच्या माळेचा. माळ घालताना माणूस शब्द देतो. मद्य-मांस सोडीन, एकादशी करीन, हरिपाठ चुकवणार नाही, परस्त्री मातेसमान मानीन. हे पाळतो की नाही ते पाहायला कुणी शिपाई येत नाही. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत माळकरी अन्नपाणी घेत नाही. हा दंड दुसऱ्या कुणी केलेला नसतो, ज्याचा तो स्वतःला करून घेतो. घरात कुणी बघत नसले तरी तो पाळला जातो.

पण हजारो माणसे रस्त्याने निघाली की एकट्याच्या माळेवर भागत नाही. माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकात. रथापुढे कोण, रथामागे कोण, दिंडीचा क्रम काय, हे सारे ठरलेले. ज्याचा क्रम तो त्याचा मान, म्हणून मोडणाऱ्यालाच लाज वाटते.

मुक्कामाच्या तळावरची समाज आरती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा समाज क्षणात चिडीचूप होतो. मात्र एखाद्या दिंडीवर अन्याय झाला असेल, कुणी वाट अडवली असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, तक्रार ऐकतात, निवाडा करतात. हरवल्या-सापडल्याची वर्दी सांगितली जाते आणि मगच आरती होते. म्हणजे ज्या दंडाने लाखो माणसे गप्प होतात, तोच दंड गाऱ्हाणे असणाऱ्याकडे चालत जातो. लहानात लहान दिंडीलाही टाळ वाजवून सगळा सोहळा थांबवता येतो. आम्हाला शिस्तीचे खरे मर्म इथे दिसते.

आता दुसरा दंड. तो गावाचा, जातीचा, भावकीचा. वाळीत टाकायचे, पंगतीला बोलवायचे नाही, रोटी-बेटी बंद, मयताला खांदा द्यायचा नाही. या दंडाची झळ आपल्या संतांनीच सर्वांत जास्त सोसली. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीत त्यांना बहिष्कृत केले. परंपरा सांगते की देहान्त प्रायश्चित्त घेऊनही लेकरांची सुटका झाली नाही, त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. ज्या रामेश्वर भटांचे नाव त्या प्रसंगाशी जोडले जाते, तेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले, असेही परंपराच सांगते. तुकोबांनी त्यांना दार बंद केले नाही, ही यातली मोठी गोष्ट.

आपल्याच जिल्ह्यातले मंगळवेढ्याचे चोखोबा. नियम मोडला म्हणून नव्हे, जन्माला आले म्हणून त्यांना देवळाबाहेर ठेवले. आज त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि आपण तिथे माथा टेकूनच आत जातो. पण चोखोबांच्या बांधवांसाठी ते दार पुढे शेकडो वर्षे बंद होते. आपली दिंडी निघाली तेव्हाही बंदच होते. सर्वांच्या मुखी एकच नाम, पण पंढरीत पोचल्यावर काही जण आत जायचे आणि काही जण बाहेरूनच कळसाला हात जोडायचे. हे आपल्या इतिहासात लिहायलाच हवे.

हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिराची वाट सर्वांना मोकळी झाली. इथे गुरुजींनी दंड दुसऱ्याला केला नाही, स्वतःच्या देहाला केला. माळकऱ्याच्या उपासासारखाच तो, फक्त साऱ्या समाजाच्या चुकीसाठी.

वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे, हे प्रत्येक विणेकऱ्याने आणि पंचाने ध्यानात ठेवावे.

आता आमच्या घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी दिंडीतल्या एका कुटुंबाने लेकीचे लग्न जातीबाहेर लावून दिले. भावकीने बोलणे टाकले. दिंडीत त्यांना कुणी "येऊ नका" म्हटले नाही, पण पंगतीत त्यांच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. आम्ही पाहिले आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. त्याच सुमारास एक टाळकरी मुक्कामात दारू पिऊन सापडला होता. त्याचे टाळ वर्षभर काढून घेतले, पाण्याचे हंडे वाहायला लावले आणि दुसऱ्या आषाढीला टाळ परत हातात दिले. तो आजही आमच्यात आहे. ज्याने नियम मोडला तो परत आला आणि ज्यांनी काहीच मोडले नव्हते ते गेले! त्यांचे टाळ त्या वर्षी वाजत होते, माऊली, आम्हीच ऐकायला गेलो नाही.

आपल्या शेजारी अरणला सावतोबा आहेत. ते मळा सोडून वारीला गेले नाहीत असे सांगतात. म्हणून त्यांना कुणी दंड केला का? उलट पंढरीहून पांडुरंगाची पालखीच सावतोबांच्या भेटीला अरणला येते. रुसलेल्याकडे, मागे राहिलेल्याकडे आपण चालत जायचे, हे आम्ही इतक्या जवळ राहून शिकलो नाही.

शिस्त हवीच. टाळ काढून घ्यावे लागतील, चार शब्द सुनवावे लागतील. पण पंगत कुणाची तोडायची नाही आणि परत यायची वाट बुजवायची नाही. वारीचा शेवट काल्याने होतो. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून एकमेकांच्या मुखी घालायच्या असतात. एकाला बाजूला बसवून केलेला काला हा काला नव्हे. यंदा आषाढीला निघण्याआधी आम्ही त्या कुटुंबाच्या दारी जाणार आहोत. पाया पडू, चुकलो म्हणू आणि दिंडीत या म्हणू. येतील की नाही ते पांडुरंग जाणे.

रामकृष्ण हरी!